डोक्यावरचे बहात्तर हजार

दर मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक भागाकार ठरलेला असतो. राज्यावरचं एकूण कर्ज भागिले लोकसंख्या. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात, वर्षअखेरीस महाराष्ट्रावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता. लोकसंख्या १३ कोटी धरा, माणशी साधारण ७२ हजार येतात. संध्याकाळपर्यंत तो आकडा सोसायटीच्या ग्रुपवर पोचतो, जोडीला पाळण्यातल्या बाळाचा फोटो, आणि खाली कुणीतरी लिहितं, "आपल्या नातवंडांनी काय पाप केलंय?"

मी एका नागरी सहकारी बँकेच्या ट्रेझरीत काम करते. सरकारी रोखे, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे कागद, घेणं-विकणं हा रोजचा धंदा, त्यामुळे हा भागाकार दिसला की हात शिवशिवतात. गणित बरोबर असतं, पण अर्ध्यावर सोडलेलं. ९ लाख ३२ हजार कोटी कुणीतरी द्यायचे आहेत, तसे ते कुणाला तरी मिळायचेही आहेत. ती दुसरी यादी कुणी छापत नाही. छापली तर तिच्यात तुमचा पीएफ सापडेल, एलआयसीची पॉलिसी सापडेल, आमच्यासारख्या बँकांतल्या मुदत ठेवी सापडतील. फोटोतल्या बाळाच्या आजोबांची म्हातारपणाची तजवीजही बहुधा तिथेच कुठेतरी असेल.

ही दुसरी यादी मी पहिल्यांदा बघितली ती आईच्या पिशवीत. आई सांगली जिल्ह्यातल्या विट्यात अल्पबचतीची एजंट होती. घरोघरी जाऊन पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे, त्यावर ४ टक्के कमिशन. महिला प्रधान बचत योजना १९७२ साली निघाली आणि आईसारख्या कितीतरी बायकांना तिने घराबाहेर काढलं. पिशवीत पासबुकांचे गठ्ठे असत, गल्लीवार, रबरबँड लावलेले. महिनाअखेर आली की रात्री जेवणं उरकल्यावर आई कार्बन घालून शेड्यूल भरायला बसे. मी खातेनंबर वाचायचे, ती लिहायची. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचं पासबुक मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या खाली असायचं, त्यामुळे त्याच्या कव्हरला कायम मशीनच्या तेलाचा वास. हप्ता ५० रुपयांचा, पण नोटा कधी सरळ यायच्या नाहीत. पाचाच्या, दोनाच्या, उरलेली चिल्लर.

"हे पैसे जातात कुठे?" मी एकदा विचारलं.

"सरकारला."

"म्हणजे मावशी सरकारला उसने देतात?"

"देतात. सरकार व्याजासकट परत करतं. तू नंबर वाच."

यात कसलीही गंमत नव्हती. जिल्ह्यात जमा होणाऱ्या अल्पबचतीचा मोठा हिस्सा राज्य सरकारला कर्ज म्हणून मिळायचा, म्हणून तर जिल्ह्यांना उद्दिष्टं असायची आणि मार्च जवळ आला की कचेरीतून एजंटांच्या मागे तगादा लागायचा. १९८८ साली किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. (आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात.) पुढे १९९९ मध्ये राष्ट्रीय अल्पबचत निधी निघाला. काही वर्षांतच राज्यात जमणारी निव्वळ रक्कम जवळजवळ सगळीच्या सगळी त्या राज्याच्या गळ्यात कर्ज म्हणून पडू लागली, हवी असो वा नसो, आणि दर साडेनऊ टक्के. २००३-०४ मध्ये राज्यांना बाजारात सहा टक्क्यांच्या आसपास पैसे मिळत होते. म्हणजे आईने जितकं नेटाने काम करावं तितका महाराष्ट्र महाग कर्जात रुतत जावा, असा तो उफराटा कारभार होता. २०१६ पासून बहुतेक राज्यं त्यातून सुटली, महाराष्ट्रही सुटला.

आता राज्यं पैसे उभे करतात ते मुख्यतः मंगळवारी. रिझर्व्ह बँक त्या दिवशी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव घेते. सकाळी साडेदहा ते साडेअकरा बिडं टाकायची, दुपारी निकाल. मोठ्या बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी दर लावतात. आमच्यासारख्या छोट्या बँका बहुधा स्वतः दर न लावता, लिलावात ठरेल त्या भावाने घेतात. ठेवीच्या १०० रुपयांतले १८ सरकारी कागदात ठेवणं बंधनकारकच असतं. मला या कामात सुरुवातीला एका गोष्टीचं नवल वाटायचं आणि अजूनही वाटतं. पंजाबचं कर्ज तिथल्या एकूण राज्य उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर आहे, महाराष्ट्राचं १९ टक्क्यांच्या आसपास. पण लिलावात दोघांच्या दरात फरक पडतो तो टक्क्याच्या काही शतांश भागांचा. राज्याच्या खात्यातून व्याज रिझर्व्ह बँकच वळतं करून देते, आणि वेळ आलीच तर दिल्ली बुडू देणार नाही, असं सगळे गृहीत धरून चालतात. त्यामुळे शहाण्याला बक्षीस नाही आणि उधळ्याला दटावणी नाही. बाजार शिस्त लावतो म्हणणाऱ्यांनी एखाद्या मंगळवारी येऊन बसावं.

तर कर्ज आपलंच आपल्याला देणं आहे, मग ओझं कसलं? असं म्हणून हात झटकणारेही भेटतात, आणि त्यांचंही मला पटत नाही. "आपण" हा शब्द तिथे फार सैल वापरला जातो. मावशींचं पासबुक होतं. त्यांच्या शेजारी राहणारं जोडपं दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, त्यांचं नव्हतं. साबण, काडेपेटी, चहापूड यांवरचा कर मात्र दोन्ही घरं भरत होती. त्या करातून व्याज दिलं जाणार, आणि ते जाणार पासबुक असलेल्या घरी. मावशींना महिन्याच्या ५० रुपयांवर कितीसं व्याज मिळणार? ज्याच्याकडे लाखांची पत्रं, त्याला लाखांवरचं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजापोटी दाखवले आहेत. हे पैसे देशाबाहेर जात नाहीत, केंद्राचं बहुतेक सगळं कर्ज देशातल्या देशातच आहे. पण ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, आणि दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे नसतात. नातवंडांचं म्हणाल तर काही नातवंडांना रोखे वारशात मिळतील आणि काहींना नुसता कर. भांडण पिढ्यांमधलं कमी आहे. ते एकाच पिढीच्या दोन घरांमधलं आहे आणि आजही चालू आहे.

देणं जेव्हा परक्या चलनात असतं तेव्हा गोष्टच वेगळी. जपानवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त कर्ज आहे, पण ते येनमध्ये आणि बरंचसं स्वतःच्याच लोकांचं, आणि गाडा चालला आहे. श्रीलंकेचं कर्ज प्रमाणात त्याहून कितीतरी कमी होतं, पण डॉलरमधलं द्यायला डॉलर नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्जफेड थांबवली. आपण १९९१ मध्ये त्या कड्यावर उभे होतो. तूट आधीच फुगलेली, १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे खर्च भागवायला कर्जाने उभी करायची रक्कम, राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. पण सोनं गहाण टाकायची पाळी आली ती परकीय गंगाजळी आटली म्हणून. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला गेलं.

त्याच काळात तुटीची दुसरी झळ लोकांना बसत होती, तिची बातमी कुणी केली नाही. बँकांनी ठेवीच्या १०० रुपयांतले साडेअडतीस सरकारी रोख्यांत ठेवायचे आणि १५ रिझर्व्ह बँकेकडे. उरले साडेसेहेचाळीस. त्यातूनही शेती आणि इतर अग्रक्रमाच्या क्षेत्रांचा वाटा आधी काढायचा. विट्यात यंत्रमाग भरपूर. माग वाढवायला कर्ज मागायला गेलेला माणूस एक तर हात हलवत परत यायचा, नाहीतर वीस टक्क्यांच्या घरातलं व्याज मान्य करून यायचा. सरकारची तूट खासगी माणसाला कशी चेपते ते बघायचं असेल तर १९९०-९१ बघावं. आणि उलटं बघायचं असेल तर २०२०-२१, कोविडचं वर्ष. केंद्राची तूट ९.२ टक्क्यांवर गेली आणि तरीही दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर सहा टक्क्यांच्या आसपास खाली आला. कर्ज मागायला दुसरं कुणी रांगेतच नव्हतं, माग बंद होते. तुटीचा टक्का मोठा की लहान यावर मत देण्याआधी त्या वर्षी बाजारात हात आणि पैसा रिकामा पडून होता का, हे विचारायला हवं. आपल्याकडे मात्र तुटीची मर्यादा म्हणून ३ टक्के हा आकडा असा उच्चारला जातो जणू तो ज्ञानेश्वरीत सांगितला आहे. २००३ च्या कायद्याने तो केंद्राला लावला, एवढंच.

शिल्लक टाकणारं सरकार चांगलं, असं मानणाऱ्यांसाठी आपल्याच मातीतला एक दाखला आहे. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. ब्रिटिश सरकार सलग काही वर्षं भरघोस शिल्लक दाखवत होतं आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होतं. बाहेर दुष्काळ आणि प्लेग. गोखल्यांनी त्या शिलकेवरच बोट ठेवलं: लोक मरत असताना तिजोरी फुगते, म्हणजे कर जास्त घेतला जातो आहे. कारणही त्यांनी नेमकं काढलं होतं. १८९३ मध्ये टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या चढवला गेला, त्यामुळे इंग्लंडला पौंडांत पाठवायची रक्कम कमी रुपयांत भागू लागली. रुपया पडलेला असताना लादलेले कर मात्र तसेच ठेवले. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. फर्ग्युसनच्या गणिताच्या मास्तरांना सरकारची शिल्लक वाचता येत होती.

आता माझ्या जवळच्या कर्जाबद्दल, कारण माझं जे काही मत आहे ते तिथे बनलं.

कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा राज्याराज्यांतल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ठरवला होता. मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता, त्यामुळे तोवर आपलं पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, अशी भीती राज्यभर होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. ते बाजारात रोखे विकणार, धरणं आणि कालवे बांधणार, आणि हमी राज्य सरकारची. कर्ज महामंडळाचं, म्हणून अर्थसंकल्पातल्या तुटीत दिसायचं नाही. व्याज दोन आकडी. पाणीपट्टीतून ते फिटेल असं कागदावर मांडायला हरकत नव्हती, कारण कागदाला पाणी लागत नाही. अखेर भार राज्याच्या तिजोरीवरच आला.

त्याच साली टेंभू योजनेला मान्यता मिळाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं आणि टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ करत सांगोल्यापर्यंत न्यायचं. मूळ अंदाज चौदाशे कोटींच्या घरात होता. पुढे तो ४,००० कोटींच्या वर गेला. आमच्या भागात पाणी हा विषय घरात बोलायचा नव्हता, मोर्चात बोलायचा होता. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, त्यांना गावंच्या गावं जायची. आमच्या वर्गातली निम्मी मुलं दहावीनंतर गलाईला गेली. सोन्याचांदीची गलाई, म्हणजे सराफांच्या पेढीमागे भट्टीशी बसून धातू शुद्ध करायचा. भारतातलं क्वचितच एखादं मोठं शहर असेल जिथे खानापूर-आटपाडीचा गलाईवाला नाही. पोरं कालिकत, कोइमतूर, कानपूर अशी पांगायची आणि घरच्या शेतात कुसळं.

पाणी यायला पुष्कळ वर्षं लागली. मधल्या काळात रस्त्याकडेला पडलेले ते प्रचंड पाइप मी सुट्टीला घरी जाताना बघायचे. त्यांत शेरडं बसलेली असत. व्याजाचं मीटर मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतले आकडे गाजले: दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी गेले आणि सिंचित क्षेत्राचं प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्के झालं. सरकारने श्वेतपत्रिका काढून तो हिशेब अमान्य केला, वाद अजूनही मिटलेला नाही. पण गावाकडच्या माणसाला दशांश चिन्हांची गरज नव्हती, त्याला पाइप दिसत होते.

आणि मग पाणी आलं. आटपाडीत आज टेंभूचं पाणी बंद नलिकेतून फिरतं, डाळिंबाच्या बागा आहेत, काही गलाईवाले परत येऊन बागाईत करतात. पाणी उचलायचं वीजबिल एवढं येतं की ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकऱ्यांवर पडतं. तेवढ्यावरही कुरकुर असते. माझ्या मामांनी विहिरीला पाणी वाढल्यावर मला फोन करून पहिली गोष्ट सांगितली ती डाळिंबाची नव्हती. "उन्हाळ्यात टँकर बंद झाला बघ," म्हणाले.

त्या योजनेसाठी काढलेलं कर्ज ओझं होतं का? पाइपात शेरडं बसली होती ती सगळी वर्षं निखालस ओझं होतं. त्यात ठेकेदारांनी खाल्लेलं, फुगवलेले अंदाज, मतदारसंघात नारळ फोडायचा म्हणून एकदम सुरू केलेली आणि पैशाअभावी सगळीच रखडलेली कामं, हे सगळं व्याजासकट आम्ही फेडलं. पण काढलंच नसतं तर? तर खानापूर-आटपाडीच्या डोक्यावर दरडोई काही हजार कमी असते आणि टँकर चालू असता. टँकरचं व्याज कुठल्या अर्थसंकल्पात दाखवतात?

म्हणून पेपरातला ७२ हजारांचा आकडा मी ओलांडून पुढे जाते आणि त्याच पानावर बारीक अक्षरात असणारा दुसरा शोधते: महसुली तूट. २०२५-२६ साठी ती ४५,८९१ कोटी दाखवली होती. याचा सरळ अर्थ, तेवढं कर्ज कालव्यासाठी नाही, रस्त्यासाठी नाही. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं असा चालू खर्च भागवायला आहे. लाडकी बहीण योजनेची तरतूद त्या वर्षी ३६ हजार कोटी होती. या योजनेला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. महिन्याचे दीड हजार म्हणजे काय ते मला कळतं, ५० रुपयांचा हप्ता चिल्लरीत मोजणाऱ्या बाईला मी जवळून बघितलं आहे. तो पैसा गावातच खर्च होतो, किराणावाल्याकडे जातो, शाळेच्या वह्यांना जातो. माझा आक्षेप एवढाच की ते द्यायचे असतील तर कुणाकडून तरी घेऊन द्या. पुढच्या दहा वर्षांच्या रोख्यावर टाकलं की आजच्या बहिणीला दिलेल्या पैशावरचं व्याज रोखेधारकाला मिळत राहतं, आणि ते फेडणाऱ्यांत ती बहीणही असते.

घेऊन देण्याची रीत या राज्यानेच घालून दिली होती, तीही आमच्याच जिल्ह्यातून. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात त्याची रोजगार हमी योजना झाली. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही होताच. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी मुंबईतला कारकून भरतो, हे त्याला पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला दिसायचं.

तो कर अजून आहे. माझ्याही पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे. ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे आणि १९८८ साली ती २५० वरून २,५०० केली, त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. १९८८ मध्ये कित्येकांचा महिन्याचा पगारही अडीच हजार नव्हता. आज आमच्या ऑफिसात नवीन लागलेला मुलगा आणि जनरल मॅनेजर सारखाच व्यवसाय कर भरतात. मर्यादा वाढवायची तर संसदेत घटनादुरुस्ती लागेल, पगारदार ओरडतील, निवडणूक कुठली ना कुठली जवळ असतेच. मंगळवारच्या लिलावाला यातलं काहीच लागत नाही. मागच्या लिलावात महाराष्ट्राचा कागद आला तेव्हा आम्हीही घेतला. दर बरा होता.